घंगाळातले आंबे

आमच्या आळीत कुणाचं पोट बिघडलं की पहिला प्रश्न अजून तोच असतो, कशावर काय खाल्लं? पेरूवर पाणी प्यालात का, कलिंगडावर दूध घेतलंत का, फणसावर विडा तर नाही ना चघळला? हा प्रश्न कानावर पडला की मी आजही दचकते. मला पटकी, म्हणजे कॉलरा, झाली त्या उन्हाळ्यात तो मला इतक्या जणांनी विचारला, आणि मीही त्याचं उत्तर इतक्या मुकाट्याने दिलं, की त्यापायी माझं पोर हातचं जायची वेळ आली होती. म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही की वैद्याच्या घरची नाही. सातवी शिकलेली, चिंचवडात संसार करणारी बाई आहे. झालं ते सांगते, त्यातलं घ्यायचं तेवढं घ्या.

*

आम्ही तेव्हा चिंचवड गावात, नदीपासून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्यांत राहत होतो. हे नव्याने निघालेल्या एका कारखान्यात फिटर होते. घरात आम्ही दोघं, आमचा तीन वर्षांचा बबन आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणे. घराणं मूळचं चाकणच्या बाजूचं, शेतकरी. सासरे गेल्यावर आत्याबाई गावच्या मंडळींबरोबर काशीला जाऊन आल्या आणि तिथे त्यांनी आंबा सोडला. काशीला जाऊन आवडीची वस्तू सोडायची आपल्याकडे रीत आहे. शहाण्या बायका कारलं सोडतात आणि पुण्य पदरात पाडून घेतात. आत्याबाईंनी सोडला तो आंबाच, आणि तोही जीव की प्राण असताना. बाई कशी होती ते यावरून ओळखा.

फळ खाण्याबद्दलचं त्यांचं शास्त्र मोठं कडक होतं. केळं दिवेलागणीनंतर नाही. कलिंगड जेवणावर नाही. जांभळावर दूध नाही, पेरूवर पाणी नाही, तापात कुठलंच फळ नाही. नवी नवी लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा विचारलं होतं, मग आत्याबाई, शिकरण कसं चालतं हो, त्यात तर दूधच असतं. तर म्हणाल्या, "शिकरणात साखर असती."

आंबा त्यांच्या मते गरम. त्यामुळे तो भिजवल्याशिवाय कुणाच्या तोंडी जाता कामा नये. सकाळी आंबे घंगाळात बुडवायचे, ऊन डोक्यावर आलं की काढायचे, मग चोखायचे. त्याची उष्णता पाण्यात उतरते म्हणायच्या. माझ्या माहेरी तळेगावलाही असंच करत, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. आमच्या घरात पाणी दोन तऱ्हेचं असे, प्यायचं आणि वापरायचं. आळीतली विहीर वैशाखात तळाला जाई. मग प्यायचं पाणी हे कारखान्यातल्या नळावरून आणत, सायकलच्या दोन्ही बाजूंना डबे अडकवून. ते गाळून, तांब्याच्या हंड्यात झाकून ठेवलेलं असे, आणि त्यातलं थेंबभर सांडलं तरी आत्याबाई दिवसभर बोलत. वापरायचं पाणी मी नदीच्या डोहातून आणी. अंघोळीला, भांड्यांना, धुण्याला. ते पाणी पिण्याचं नाही हे आमच्या बबनलासुद्धा कळत होतं.

आंबे भिजवायला त्या कोणतं पाणी घेत? वापरायचं. प्यायचं का घेतील? आंबे काय पाणी पितात?

*

त्या दिवशी तात्या आले होते. तात्या म्हणजे ह्यांचे चुलते, अजून गावीच शेती करणारे. चाकणच्या बाजाराला कांदा घालून, येताना आमच्यासाठी घरच्या झाडाचे आंबे घेऊन आले. गवतात पिकवलेले, पाटीभर, वासानेच घर भरून गेलं. आत्याबाईंनी अर्धे उचलून घंगाळात सोडले.

तात्यांना कुठला दम. त्यांनी पाटीतलाच एक घेतला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि देठ तोडून चोखायला लागले.

"तात्या, भिजवल्याबिगर नगा खाऊ, बाधंल."

"वैनी, म्हातारा झालो आंबं खाऊन. अजून तरी न्हाई बाधला."

एकामागून एक पाचसहा संपवले आणि वर माझ्याकडे पेलाभर दूध मागितलं. आत्याबाईंचे डोळे पांढरे व्हायचे राहिले. "मराल की," म्हणाल्या. तात्या मिशीवरची साय पुसत म्हणाले, "मराचंच हाय कवातरी, वैनी. पोट भरून तरी मरू."

ह्यांना आंब्याने गळवं उठत, म्हणून ते आंबा खात नसत. बबनच्या अंगात कणकण होती, म्हणून त्याला मिळाला नाही. तो रडून रडून लाल झाला तेव्हा आत्याबाईंनी त्याला मांडीवर घेऊन थोपटलं. "उद्या देती माझ्या सोन्याला. दोन देती." शेजारच्या गोदाकाकूंना वानवळा म्हणून ताटलीत चार आंबे गेले, घंगाळातले, ओलेच. आणि मी घंगाळातले तीन चोखले. तात्यांचं पाहून मलाही हुरूप आला. भांड्याच्या तळाशी राहिलेलं दूध मी उभ्याउभ्या तोंडाला लावलं. आत्याबाईंनी ते पाहिलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मला परसाकडेला लागलं आणि मग लागतच राहिलं. मोकळं लिहिते, कारण आपल्याकडे या गोष्टी कुणी बोलत नाही आणि न बोलल्याने माणसं मरतात. पहिल्यांदा पोट दुखलं नाही, कळ नाही, काही नाही. नुसतं पाणी. तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी, आणि मग तसंच तोंडावाटे. चुलीवरचा चहा उकळून आटायच्या आत माझ्या पायांत गोळे आले. ह्यांना हाक मारायला गेले तर घशातून आवाज फुटेना. माझे स्वतःचे हात मी पाहिले, बोटं म्हातारीसारखी सुरकुतली होती. माझं वय तेव्हा बावीस.

कारखान्याची लॉरी मिळाली म्हणून मी वाचले. हे धावत गेले, साहेबांच्या पाया पडले आणि लॉरी घेऊन आले. मला घोंगडीत गुंडाळून पाठीमागे घातलं. तेवढ्यात आत्याबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "आंब्यावर दूध. सांगून सांगून जीभ झिजली माजी. आता भोग."

लॉरी सुरू झाली. मी पुण्यापर्यंत आकाशाकडे बघत होते आणि तेवढंच डोक्यात होतं, मरताना सासूचा शेवटचा शब्द हा. राग आला असं म्हणू? राग यायलाही अंगात पाणी लागतं. मी नुसती सुन्न झाले होते.

*

साथीच्या रोगांच्या इस्पितळात डॉक्टरांनी माझ्या हाताची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली, मळलेल्या कणकेला चिमटा काढावा तशी. ते सिस्टरकडे वळून एकच शब्द बोलले, "पटकी."

मला वाटत होतं, आंबा बाधला. फार तर अपचन. ओव्याची पुरचुंडी, लिंबाचा रस, दोन दिवस लंघन. पटकी हा शब्द मी लहानपणी ऐकला होता तो आजीच्या तोंडून, कुजबुजत. गावच्या गाव रानात जाऊन राहिलं होतं आणि तिच्या घरचे तिघे गेले होते. तो शब्द माझ्याबद्दल कुणीतरी भरदिवसा, सरळ आवाजात बोललं, जसं काही दाराबाहेर ऊन आहे म्हणावं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. मग त्यांना बाहेर जायला सांगितलं आणि दार लागलं.

खाटेला मधोमध भोक होतं आणि खाली बादली. हे मी का लिहिते आहे? कारण त्या खाटेवर निजताना मला मेलेलं बरं वाटलं होतं. सिस्टर नगरकडच्या होत्या, उंच, रुंद हाताच्या. माझं लुगडं सोडवताना मी मूठ आवळून धरली तशी म्हणाल्या, "बाई, इथे येताना लाज घरी ठेवायची असते. जाताना हिची तिची नाही, आपलीच परत मिळते." मग त्यांनी माझ्या घोट्याजवळ शीर शोधली आणि सलाईन लावलं. बाटलीमागून बाटली. कितीतरी वेळाने हाताला ऊब आली, आणि पाठोपाठ तहान आली. ती तहान मी आयुष्यात विसरणार नाही. पलीकडे कुणी फरशी पुसत होतं, त्या ओल्या फडक्याकडे मी टक लावून पाहत होते.

त्या खोलीत ज्या बारीकसारीक गोष्टींनी जीव तगला त्या आता हसण्यासारख्या वाटतात. चमच्याने दिलेली पेज, तिच्यात मिठाचा खडा. सिस्टरांनी कपाळावरचे केस मागे सारले ते. आणि खिडकी. नातेवाइकांना आत सोडत नसत, पण संध्याकाळी बाहेरच्या बाजूने खिडकीशी उभं राहू देत. हे पाळी संपवून चिंचवडाहून सायकल मारत येत आणि गजांना धरून उभे राहत.

"काय खाल्लं होतंस गं असं?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

"आंब्यावर दूध प्याले."

"आई तेच म्हणते."

"खरंच आहे," मी म्हटलं. माझा त्याच्यावर पुरता विश्वास बसला होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं, सिस्टरांना तेच, झाडूवालीने विचारलं तिलाही तेच. डॉक्टर फार घाईत होते, वॉर्ड भरत चालला होता. त्यांनी नुसती मान हलवली. मी मनाशी म्हणत होते, माझ्या खादाडपणाची मला शिक्षा झाली. बबन तेवढा शहाण्या आजीजवळ आहे, ती त्याला भलतंसलतं खाऊ घालणार नाही. लाज वाटते लिहायला, पण या विचाराने मला झोप लागत होती.

*

मग एका दुपारी शेजारच्या खाटेवर नवी बाई आणून घातली. तिचे डोळे खोल गेले होते, ओठ निळे. मी ओळखलंच नाही. तिनेच मला ओळखलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "इंदू, तू होय. मला वाटलं मी यमपुरीला आले."

गोदाकाकू.

मला वाईट वाटायला हवं होतं, पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. "काकू, तुम्हीपण आंब्यावर दूध घेतलंत?"

"दूध? मला उमासे येतात दुधाने, तुला ठाऊक नाही का? गेल्या वीस वर्षांत दुधाचा थेंब घेतला नाही मी. चहासुद्धा कोरा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कोरा चहा. मी स्वतः त्यांना कितीदा करून दिला होता. डोक्यात काहीतरी हललं, पण बसेना. दुपारच्या फेरीला डॉक्टर आले तेव्हा मी उठून बसले, सलाईनची नळी हिसकली.

"डॉक्टर, या काकू दूध पीतच नाहीत. दूध नाही, तरी यांना झालं."

"मग बाई, दुधाने पटकी होते असं तुम्हाला सांगितलं कुणी?" ते थांबले. त्यांनी पहिल्यांदाच नीट विचारलं. दोघींनी मिळून काय खाल्लं? आंबे. कुठले? तात्यांच्या झाडाचे. तात्या कसे आहेत? ठणठणीत, ह्यांनी सांगितलं होतं, त्यांनी तर सगळ्यात जास्त खाल्ले, वर दूध प्यायले. मग तात्यांच्या आंब्यांत आणि तुमच्या आंब्यांत फरक काय?

"त्यांनी पाटीतले खाल्ले. आमचे भिजवलेले होते."

"कशात?"

"पाण्यात."

"कसल्या पाण्यात, बाई?"

"वापरायच्या," मी म्हटलं. डोह दिसला. वर कुणाचे कपडे धुतात, कुणाची पोरं बसतात, सगळं दिसलं. त्या पाण्यात अर्धा दिवस बुडवलेला आंबा, आणि त्याचं देठ मी दातांनी तोडून सालीसकट तोंडात धरलेलं. पाणी प्यायचं नाही म्हणून सांभाळलं, आणि आंब्याच्या सालीवरून चाटून घेतलं. आंबा निर्दोष व्हावा म्हणून जे केलं, तेच.

आणि मग दुसरा धक्का आला, पहिल्याच्या पाठीवर. उद्या देती माझ्या सोन्याला. दोन देती.

बबनची कणकण एव्हाना उतरली असणार. पाटीत आंबे शिल्लक होते. आत्याबाई रोज सकाळी घंगाळ भरत असणार, शास्त्राप्रमाणे, नातवाला काही बाधू नये म्हणून जरा जास्तच वेळ भिजवत असणार. दूध तर थेंबभर देत नसणार. माझं पोर घरी अगदी पथ्याने विष खात होतं आणि मी इथे खाटेला खिळलेली.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. सिस्टर सांगत, मी खाटेवरून खाली पाय टाकले होते, चिंचवडला चालत जाते म्हणत होते. त्यांनी मला दोन्ही खांद्यांना धरून दाबून निजवलं. डॉक्टर तडक कचेरीत गेले आणि त्यांनी कारखान्यात टेलिफोन लावला. परत येऊन एवढंच सांगितलं, निरोप पोचला आहे, तुमचे यजमान घरी निघाले.

त्यानंतर संध्याकाळपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते विचारू नका. पटकीत जीव जाताना वाटलं नव्हतं तसं वाटत होतं. दर वेळी दार उघडे, तेव्हा कुणाला आणलं ते बघायला मी मान उचलत होते. लहान काही असलं तर. गोदाकाकू स्वतः अर्धमेल्या, तरी हात लांब करून माझा पदर धरून होत्या. "आणला नाही अजून, म्हणजे बरा आहे," पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी देवाचं नावसुद्धा घेऊ शकले नाही. घंगाळ डोळ्यांसमोरून हलेना.

*

हे खिडकीशी आले तेव्हा घामाने निथळत होते. गज धरले आणि धापा टाकत राहिले. मला विचारवेना. शेवटी गोदाकाकूंनीच विचारलं, "पोर कसं आहे रे?"

"बरा आहे. खेळतोय."

"आंबा?" मी म्हटलं.

"खाल्ला नाही. एकही नाही." ते खाली बसले असावेत, कारण मला नुसती त्यांची बोटं दिसत होती गजांवर. मग पुन्हा उभे राहिले. "रोज रात्री उशिरा घरी पोचतो, अंधारात वर कधी बघितलंच नव्हतं. आज बघितलं तर पाटी आढ्याला टांगलेली. वरून धोतराने बांधलेली. बबन खाली बसून रडत होता. मी म्हटलं आई, हे काय? तर कळलं, तुला लॉरीत घालून नेलं आणि ती आत आली. घंगाळातले सगळे आंबे उकिरड्यावर पालथे केले, घंगाळ पालथं घातलं, आणि देवापुढे बसून बोलली, इंदी जित्ती घरी येईस्तवर या घरात कुणी आंबा तोंडाला लावायचा न्हाई."

मी ऐकत होते. कोपरावर टेकून खिडकीकडे सरकले.

"तुम्ही सांगितलंत त्यांना? पाण्याचं?"

"सांगितलं. सांगायला नको होतं का? डॉक्टर म्हणाले घरी सगळ्यांना टोचून घ्या, पाणी उकळा, मग सांगावं लागलंच." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "बसलीच ती खाली. मग एवढंच म्हणाली, गोदीला बी मीच दिलं."

गोदाकाकूंनी तोंड भिंतीकडे केलं. मग तशाच म्हणाल्या, "तिला सांग, मी मेलेली नाही. आंबे गोड होते."

*

मी घरी आले तेव्हा आत्याबाईंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. दुधाचं त्यांनी काढलं नाही, घंगाळाचं मी काढलं नाही. त्या वाळल्या होत्या. माझ्यापेक्षा त्याच आजारातून उठल्यासारख्या दिसत होत्या. मऊ भात, मेतकूट, ताकाची निवळ, वेळच्या वेळी पुढे येत होतं. बोलणं मात्र तुटक. लोकांना वाटतं, आजार अंगातून गेला की संपला. घरातून तो हळूहळू जातो.

आंब्यांचा हंगाम सरता सरता तात्या पुन्हा पाटी घेऊन आले. ती पाटी पाहून मी दोन पावलं मागे सरले. बबन तेवढा नाचायला लागला. मग आत्याबाई उठल्या. ह्यांनी नुकतेच आणलेले नळाच्या पाण्याचे दोन्ही डबे त्यांनी चुलीवरच्या पातेल्यात रिकामे केले, पाणी खळखळून उकळलं, निववलं. ज्या पाण्याचा थेंब सांडला तर दिवसभर बोलणं बसे, त्या पाण्यात त्यांनी एकेक आंबा चोळून चोळून धुतला. आम्ही सगळे बघत उभे.

बबनने हात पुढे केला. त्यांनी तो हलकेच बाजूला सारला.

"थांब. आदी मी खाती. उद्यापर्यंत मला काई झालं न्हाई, तर मग पोराला द्या. त्याच्या आईला बी द्या."

तात्या हातातली तंबाखू मळायचे थांबले. "वैनी, आन काशीचं?"

"काशीचं काशीला," आत्याबाई म्हणाल्या. "देव काय माझ्या घरात रांधायला येतो?"

मी म्हटलं, "आत्याबाई, नका हो. मी खाते आधी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू खाल्लास येकदा," म्हणाल्या.

मग भिंतीला टेकून बसल्या, पदर खोचला, देठ तोडलं. कितीतरी वर्षांनी त्यांनी आंबा तोंडाला लावला होता. डोळे मिटले. रस कोपरापर्यंत ओघळला तरी पुसला नाही. कोय कोरडी होईपर्यंत चोखली आणि बाजूला ठेवली.

"कसा आहे?" मी विचारलं.

"आंबट हाय," म्हणाल्या, आणि पाटीतला दुसरा उचलून धुवायला घेतला.